हरणांच्या शिकारीत माणसाचा वास: कपड्यांवर भर द्यावा की वाऱ्यावर?

कंदीलपुष्प (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

नमस्कार. अमेरिकेत राहून रीतसर परवान्याने शिकार करणाऱ्या सभासदांसाठी, तसेच रानात जनावरांच्या जवळ बसण्याचा सराव असलेल्या इतर सर्वांसाठी हा प्रश्न मांडत आहे.

विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येला, रिचलंड काउंटीत, एका परिचितांच्या शेतावर मी त्यांच्या परवानगीने पांढऱ्या शेपटीच्या हरणांची धनुष्याने शिकार करतो. हिमयुगातील बर्फाचा थर या भागावरून फिरला नाही, त्यामुळे येथे अजूनही उभे डोंगर आणि अरुंद दऱ्या आहेत. खाली ओहोळाकाठी मका आणि लसूणघास, वर पूर्वेकडे तोंड असलेला उतार, त्यावर ओकचे रान आणि माथ्याच्या जरासे खाली हरणांच्या बसण्याच्या जागा, अशी रचना आहे. रात्रभर खाली चरलेली हरणे पहाटे डोंगराच्या एका सोंडेने वर चढतात. सोंडेच्या उत्तरेला एक उभी घळ आहे. माझे मचाण सोंडेवरच, उताराच्या मध्यावर, जमिनीपासून सुमारे १८ फूट उंचीवर बांधलेले आहे.

अडचण अशी की, वर चढणाऱ्या माद्या पन्नास-साठ यार्डांवर येऊन थबकतात, मान उंचावतात, जिभेने नाक ओले करतात, पुढचा पाय जमिनीवर आपटतात आणि नाकातून जोराचा फुत्कार टाकून, शेपटी वर करून उधळतात. एकदा असा फुत्कार ऐकू आला की त्या सकाळी त्या उतारावर दुसरे जनावर फिरकत नाही. अ‍ॅपवर दक्षिणेचा वारा दाखवलेला असेल त्याच दिवशी मी जातो, म्हणजे माझा वास उताराला समांतर उत्तरेकडे, घळीच्या बाजूला जायला हवा. तरीही हे घडते.

माझा संशय घरातील वासांवर आहे. आमच्याकडे रोज फोडणी होते, आणि हिंग, लसूण, मेथी यांचा वास कपड्यांत किती दिवस राहतो हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. शिकारीचे कपडे मी बिनवासाच्या साबणाने धुतो, पण ते टांगले जातात स्वयंपाकघराशेजारच्या बोळातच. वास शोषणाऱ्या कार्बनचा थर असलेले महागडे कपडे किंवा वास मारण्यासाठी ओझोन वायू सोडणारे यंत्र यांवर पैसे खर्च करावेत का? की शिकारीच्या आधी काही दिवस लसूण सोडावा? अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सोंडेवरचा (विरोक्वा, विस्कॉन्सिन)

आपण जागेचे वर्णन इतके नेमके केले आहे की उत्तर त्यातच सापडते. दोष फोडणीचा नाही. मचाणाच्या जागेचा आणि वेळेचा आहे.

अ‍ॅपवरचा वारा हा मोकळ्या माळावरच्या एखाद्या हवामान केंद्राचा किंवा त्यावरून काढलेल्या अंदाजाचा असतो. डोंगराच्या पोटात, सूर्य उगवण्यापूर्वी, त्या वाऱ्याचा अंमल फार थोडा चालतो. स्वच्छ आणि शांत रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते, आणि ती पाण्यासारखी उताराने खाली वाहू लागते, घळींतून एकत्र येते आणि तळाच्या सखल भागात साचते. आपण पहाटे उताराच्या मध्यावर बसता आणि हरणे नेमकी खालून येत असतात. म्हणजे दक्षिणेची झुळूक सुरू होण्याआधीच आपला वास त्यांच्या वाटेवर सोंडेवरून खाली पोहोचलेला असतो. मादी पन्नास यार्डांवर थबकते ते याच कारणाने.

पुढे ऊन पडले की हे सगळे उलटते. आपला उतार पूर्वाभिमुख असल्यामुळे त्याला ऊन सर्वांत आधी मिळते, जमीन तापते आणि हवा वर चढू लागते. आता वास खालच्या हरणांना लागत नाही, पण माथ्याखाली बसलेल्यांना लागतो. या दोन अवस्थांच्या मधला काळ सर्वांत फसवा असतो. त्या वेळी हवा कधी खाली, कधी वर, कधी जागच्या जागी गोल फिरते आणि अ‍ॅपवर मात्र बाण एकाच दिशेला दाखवलेला असतो.

हे डोळ्यांनी पाहण्याचे सोपे साधन आपल्याच ओहोळाकाठी आहे. मिल्कवीड नावाचे झुडूप तेथे असेल. ते आपल्या रुईच्याच कुळातले आहे आणि त्याच्या वाळलेल्या शेंगेतही तशाच रेशमी म्हाताऱ्या असतात. ऐन शरद ऋतूत शेंगा फुटण्याच्या बेतात असताना गोळा करून एका छोट्या डबीत ठेवा. मचाणावरून एकेक म्हातारी सोडा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत नजर हटवू नका. बाजारात मिळणारी पावडरची बाटली दाबली तर वारा हाताजवळ कोणीकडे आहे एवढेच कळते. म्हातारी मात्र दहा यार्डांवर उजवीकडे वळते, चाळीस यार्डांवर झाडाच्या मागे खाली बुडते, कधी वर उचलली जाऊन पुन्हा आपल्याच दिशेने परत येते. पहाटे सोडलेली आणि ऊन आल्यावर सोडलेली म्हातारी यांतला फरक पाहिला की कपड्यांचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

मचाणाविषयी माझा सल्ला असा: ते सोंडेवरून काढून घळीच्या दक्षिण काठावर, उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात न्या. हरणे उभ्या घळीतून सहसा चढत नाहीत. ती सोंडेने येतील आणि आपल्यापासून बाणाच्या टप्प्यात, वीस-पंचवीस यार्डांवरून जातील. पहाटेची जड हवा आपला वास घळीत ओतेल आणि ऊन चढल्यावर दक्षिणेचा वारा तो घळीवरूनच पलीकडे नेईल. मात्र पश्चिमेचा वारा असेल त्या दिवशी तेथे बसू नका. माथ्यावरून येणारा वारा पूर्वेच्या उतारावर उतरताना भोवरे घालतो आणि तेव्हा वास कोठे जाईल हे सांगता येत नाही.

रसायनी (पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया)

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. कपडे आणि यंत्रे यांविषयी थोडे लिहितो, कारण तेथे लोकांचा पैसा विनाकारण जातो असे मला मनापासून वाटते.

माणसाच्या घामाला मुळात फारसा वास नसतो. काखेतील ग्रंथींचा स्राव त्वचेवरील जिवाणू फोडतात आणि त्यातून उडून जाणारी आम्ले तयार होतात. त्यांचा तो उग्र वास. याखेरीज त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात आणि श्वासाबरोबर शेकडो प्रकारचे रेणू बाहेर पडतात. कोणताही पोशाख तोंड आणि नाक बंद करू शकत नाही, एवढे एकच कारण ‘संपूर्ण गंधमुक्ती’ अशक्य ठरवायला पुरेसे आहे.

सक्रिय कार्बन वासाचे रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो हे खरे आहे, पण त्याची क्षमता मर्यादित असते. ती भरली की कार्बन पुन्हा मोकळा करावा लागतो, आणि उद्योगांत हे काम ७०० ते ९०० अंश सेल्सियसच्या भट्टीत केले जाते. घरातील ड्रायर त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे फार तर काही हलके रेणू निघून जातात. अशा कपड्यांच्या जाहिरातींवरून २००७ मध्ये मिनेसोटातील काही शिकाऱ्यांनी संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला होता. २०१० मध्ये जिल्हा न्यायालयाने जाहिरातींतील ‘वास नाहीसा करतो’ अशा स्वरूपाची काही विधाने खोटी ठरवली. २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायालयात बाजू कोणाची सरस ठरली हा भाग वेगळा. उपयोगाची गोष्ट अशी की, २००२ मध्ये वाइल्डलाइफ सोसायटी बुलेटिन या नियतकालिकात शोधकुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि त्यात असे कपडे घातलेली माणसेही कुत्र्यांनी शोधून काढली. कपड्यांमुळे लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. हरणाचे नाक कुत्र्यापेक्षा कमी समजण्याचे कारण मला दिसत नाही.

ओझोनविषयी मात्र मी आग्रहाने सांगेन की घरात ते यंत्र चालवू नका. ओझोन वासाच्या काही रेणूंवर क्रिया करतो, पण त्यांतून पुन्हा दुसरे वास असलेले रेणू तयार होतात. त्वचेतील तेलावर ओझोनची क्रिया झाली की हेच घडते. तो फुप्फुसांना अपायकारक आहे, दमा असणाऱ्यांना विशेष, आणि घरात अशी यंत्रे वापरण्याविरुद्ध अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था स्पष्ट इशारा देते. रबर आणि इलॅस्टिक यांनाही तो भेगा पाडतो, म्हणून बूट आणि मचाणावरचा सुरक्षापट्टा तर त्याच्या आसपासही नेऊ नये.

आता स्वयंपाकघर. लसणातील एक गंधकयुक्त रेणू पचनात मोडत नाही. तो रक्तातून फुप्फुसांत येतो आणि कित्येक तास श्वासातून बाहेर पडत राहतो. मेथीतील सोटोलोन घामात उतरतो. मेपलच्या पाकालाही त्याच रेणूचा वास असतो. शिकारीच्या आदल्या रात्री लसणीचे तिखट टाळले तर चांगलेच, पण त्यासाठी आठवडाभर पथ्य पाळण्याची गरज नाही. मसाल्यांचा वास असो वा नसो, वाऱ्याखाली, म्हणजे वारा आपल्याकडून जिकडे वाहतो त्या बाजूला, आलेल्या मादीला माणूस कळतोच. कपडे मात्र बोळातून हलवा. धुतल्यावर बाहेर मोकळ्या हवेत वाळवा, झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत ठेवा आणि शेतावर पोहोचल्यावर, गाडीबाहेर उभे राहून घाला. लोकरी कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवण्याची आपली सवय येथे सोडावी लागेल, कारण तो वास महिनोन्‌महिने जात नाही. साबण निवडताना कपडे अधिक शुभ्र दिसावेत म्हणून चमक आणणारी द्रव्ये घातलेला साबण टाळा. ती चमक निळसर असते, आणि हरणांना निळा आणि अतिनील प्रकाश आपल्यापेक्षा चांगला दिसतो.

या सर्वाचा फायदा एवढाच की, अंतर जास्त असताना किंवा वाऱ्याची एखादी चुकार झुळूक गेली असता हरणाला शंका कमी येते. तेवढ्यासाठी खाण्याचा सोडा आणि बिनवासाचा साबण पुरेसा आहे.

तेंदूपान (चंद्रपूर)

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, पण बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर प्राणी मोजायला बसणाऱ्यांना हाच प्रश्न पडतो. बसणाऱ्याने अत्तर, सुगंधी तेल आणि विडी-सिगारेट टाळावी, हे नव्या माणसाला आधीच बजावलेले असते. चितळ आणि सांबर आमच्याकडेही पाण्यावर थेट उतरत नाहीत. वाऱ्याखालून वळसा घालून, थांबत थांबत येतात. सांबराने पाय आपटून ‘ढाँक’ असा आवाज दिला की त्या पाणवठ्यावर बराच वेळ शांतता पसरते. जुनी माणसे चिमूटभर बारीक धूळ बोटांतून सोडून वारा पाहतात. उन्हाळ्यात संध्याकाळी ऊन उतरले की नाल्यातली हवा खाली सरकू लागते हे त्यांना पाठ असते, म्हणून मचाण नाल्याच्या वरच्या अंगाला असेल तर ती मंडळी नाराजीने मान हलवतात.

कंदीलपुष्प

सर्वांचे मनापासून आभार. घळीच्या काठावर बास्वुडचे एक जाड झाड आहे, ते मचाणासाठी योग्य वाटते. दोन शंका राहिल्या. मी पहाटे ओहोळाकडून, मक्याच्या कडेने चालत वर जातो. नव्या जागेसाठी वाट बदलावी का? आणि बुटांना हरणाच्या मूत्राचा अर्क लावून माणसाचा वास झाकला जातो, असे दुकानात सांगतात. ते करावे का?

सोंडेवरचा

वाट अवश्य बदला, कारण सध्या आपण पहाटे हरणांच्या ताटातूनच चालत जात आहात. त्या वेळी ती मक्यात असतात आणि आपण मचाणावर पोहोचण्यापूर्वीच त्यांना माणूस आल्याचे कळलेले असते. माथ्यावरच्या रस्त्यावर गाडी लावून वरून खाली घळीच्या काठाने उतरा. बसण्याच्या जागा सोंडेच्या बाजूला आहेत, तेव्हा त्यांच्यापासून शंभर-दीडशे यार्ड लांबून जाता येईल असा मार्ग दिवसा, पाऊस पडत असताना, एकदा आखून ठेवा. पानांचा आवाज आणि आपल्या पावलांचा वास दोन्ही त्या दिवशी कमी राहतात. चामड्याऐवजी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला, ते गाडीत पेट्रोलच्या डब्याशेजारी ठेवू नका, आणि चालताना फांद्या-झुडपे हातांनी बाजूला सारू नका. हाताचा वास पानाला चिकटतो आणि हरीण ते पान येऊन हुंगते.

मूत्राच्या अर्काचा आग्रह मी धरणार नाही. त्याने माणसाचा वास झाकला जात नाही. हरणाला दोन्ही वास वेगवेगळे कळतात. त्याहून गंभीर कारण म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा असाध्य रोग. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये आढळला आणि त्याला कारणीभूत असलेली विकृत प्रथिने मूत्रातूनही बाहेर पडतात, मातीत वर्षानुवर्षे टिकतात. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी याच कारणाने नैसर्गिक मूत्राच्या वापरावर बंदी घातली आहे. आपण ज्यांच्या शेतावर जाता त्यांच्या रानात असे काही बाहेरून आणून शिंपडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परतीच्या वाटेचाही आताच विचार करून ठेवा. सकाळी दहा-अकरापर्यंत हरणे माथ्याखाली बसून रवंथ करीत असतात आणि तोवर हवा वर चढू लागलेली असते. आलेल्या वाटेने वर गेलात तर वास आणि हालचाल दोन्ही त्यांच्यापर्यंत पोहोचतील. त्या वेळी घळीतून खाली ओहोळाकडे उतरा, तेव्हा शेत रिकामे असते, आणि गाडी आणायला रस्त्याने वळसा घेऊन जा. वळसा मैलभराचा असला तरी चालेल. तीच जागा लागोपाठ सकाळी वापरू नका. निदान तीन-चार दिवस मोकळी सोडा, आणि वारा दक्षिणेचा नसेल त्या दिवशी तेथे बसूच नका.