बिनसाखरेचं चॉकलेट लावलेले भाजके बदाम-काजू: लेप पांढरा पडतो, दाताखाली कचकचतो

चुनाभट्टी_किचन

घरात मधुमेह आहे, म्हणून चारच्या चहाला बिस्किटांऐवजी चॉकलेट लावलेले भाजके बदाम-काजू करून ठेवायचे आहेत. साखर, गूळ, मध, खजूर यातलं काहीही नको.

सध्याची कृती अशी. बदाम-काजू मिळून २०० ग्रॅम, ओटीजीत (छोट्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर १० मिनिटं. कोको बटर ८० ग्रॅम वितळवून त्यात कोको पावडर ६० ग्रॅम आणि मिक्सरमध्ये दळलेलं एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरतात ती गोड पावडर) ५० ग्रॅम. एकेक दाणा त्यात बुडवून बटर पेपरवर ठेवते आणि ट्रे लगेच फ्रिजमध्ये टाकते.

काजू करपतात तेव्हा बदाम आतून अजून कच्चेच असतात. लेप कचकचतो आणि जिभेला पुदिन्यासारखा गार लागतो. दुसऱ्या दिवशी वर पांढरट थर येतो, बोटाला चिकटतो. एकदा लेप सैल व्हावा म्हणून दोन चमचे दूध घातलं, तर टोपात मातीसारखा गोळाच झाला. नेमकं कुठे चुकतंय? एसी आहे. थर्मामीटर नाही, पण लागत असेल तर घेईन.

भट्टी_गिरगाव

ताई, करपणं सोडलं तर चिकटपणा आणि गोळा या पाण्याच्या तक्रारी आहेत आणि कचकच ही दळणाची. पांढरेपणाला पाण्याशिवाय आणखी एक कारण आहे, ते खाली येईल.

आधी भाजणं. बदाम आणि काजू एका ट्रेमध्ये कधीच नकोत. ओटीजी १५० अंशांवर १० मिनिटं आधी तापवा. बदाम एका थरात पसरून १३ ते १५ मिनिटं, काजू १४० वर ९ ते ११ मिनिटं, अक्रोड १४० वर ८ मिनिटं. ट्रे मधल्या खाचेत, निम्म्या वेळेनंतर पुढची बाजू मागे. बऱ्याच ओटीजींचं बटण आणि आतलं खरं तापमान यात १५-२० अंशांचा फरक निघतो, म्हणून घड्याळापेक्षा सुरीवर विसंबा. एक बदाम आडवा कापून बघा. आत फिकट बिस्किटी रंग दिसला की बाहेर काढा. मध्ये पांढरा असेल तर कच्चा. चहासारखा तपकिरी दिसला तर उशीर झाला, कारण ट्रे बाहेर काढल्यावरही दाणा दोन-तीन मिनिटं स्वतःच्या उष्णतेने भाजत राहतो. तेवढ्यासाठी गरम ट्रेमधून लगेच थंड परातीत ओता.

रात्रभर भिजवून सोललेले बदाम घेणार असाल तर आधी ६०-७० अंशांवर ओटीजीचं दार किंचित उघडं ठेवून चार-पाच तास वाळवायला लागतात. हाताला कोरडे लागतात, पण आत ओल राहतेच, आणि तीच पुढे लेपाखाली येऊन बदाम सादळवते. सरळ सालासकटच घ्या, चॉकलेटला सालाचा खडबडीतपणा उपयोगीच पडतो. मामरा यासाठी घेऊ नका. तो वाकडा असतो, चॉकलेट खळग्यात साचतं आणि कडा उघड्या राहतात, शिवाय किंमत बघता तो नुसताच खावा. साधा चपटा कॅलिफोर्निया बदाम आणि ३२० नंबरचा काजू पुरे. मस्जिद बंदरला किंवा वाशीच्या एपीएमसीत घेताना एक दाणा चावून बघा. खवट वास थोडा जरी आला तरी भाजल्यावर तो वाढतो.

भाजलेले दाणे पूर्ण गार होऊ द्या, पण खोलीच्या तापमानापर्यंतच, साधारण २२ ते २५ अंश. गरम दाण्यावर चॉकलेट वितळून घसरतं. फ्रिजमधल्या दाण्यावर ते क्षणात आवळून बसतं, नंतर दाणा कोमट होऊन फुगला की लेपाला तडा जातो. वर मुंबईची हवा. थंड वस्तूला बाहेर काढलं की तिला घाम सुटतोच.

तुमचा पांढरा थर दोन प्रकारचा असू शकतो. बोटाला चिकट आणि खरखरीत लागत असेल तर तो घाम: ओलाव्यात एरिथ्रिटॉल विरघळतं आणि पाणी उडालं की पुन्हा स्फटिक होऊन वर बसतं. राखाडी, गुळगुळीत, पुसला की तात्पुरता जाणारा असेल तर ते कोको बटर, म्हणजे टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेणं, म्हणजे ते चकचकीत आणि कडक आवळतं) झालेलं नाही. तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहेत. ट्रे थेट फ्रिजमध्ये ठेवणं आजपासून बंद.

दुधाचं कोडं सोपं आहे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये सगळी पावडर तुपासारख्या स्निग्धात पोहत असते. दोन थेंब पाणी पडलं की कोकोचे आणि स्वीटनरचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. ओला चमचा, डबल बॉयलरची वाफ, झाकणाचा थेंब, कशानेही होतं. सैल करायचं तर फक्त कोको बटर, १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपासून सुरुवात. गोळा झालेलं टाकून द्यायची गरज नाही, गरम दूध वाढवून सॉस करा. लेपाला मात्र ते परत कामाला येत नाही.

कोको_दादर

वरच्यांनी भाजणं नीट सांगितलंय, मी चॉकलेटकडे येतो.

कचकच घरच्या मिक्सरने पूर्ण जात नाही, हे आधी मान्य करू. चांगल्या चॉकलेटमधले कण २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतात, ३०-३५ च्या वर जिभेला जाणवायला लागतं. मिक्सरमधलं एरिथ्रिटॉल पिठीसारखं दिसलं तरी त्याहून बरंच जाड असतं. ३०-३० सेकंद तीनदा फिरवा, झाकण उघडायच्या आधी १० मिनिटं थांबा (नाहीतर ती धूळ नाकात जाते), मग मलमलच्या फडक्यातून चाळा. फरक पडतो, पण पूर्ण नाही. इडलीच्या टेबल टॉप ग्राइंडरमध्ये रात्रभर फिरवायची कल्पना अनेकांना सुचते. दगडात ओल आणि आंबलेल्या पिठाचा वास मुरलेला असतो, तेव्हा त्यासाठी वेगळं भांडं नसेल तर नकोच.

गार लागण्याचं कारण एरिथ्रिटॉलच आहे, विरघळताना ते तोंडातली उष्णता ओढून घेतं. प्रमाण कमी करून गोडी स्टेव्हियाने भरून काढली की ते बरंच कमी होतं. २०० ग्रॅम लेपासाठी माझा हिशेब: बिनसाखरेचं कोको मास (कोकोच्या बिया दळून केलेली लादी) १२० ग्रॅम, कोको बटर ३० ग्रॅम, स्टेव्हिया मिसळलेलं एरिथ्रिटॉल ५० ग्रॅम, चिमूटभर कोरडं बारीक मीठ. तरी गार लागलं तर हे मिश्रण आणखी कमी करा. एरिथ्रिटॉल २५० ग्रॅमला शुद्ध स्टेव्हिया १ ग्रॅम, दोन्ही एकत्र दळून बरणीत भरून ठेवा. शुद्ध स्टेव्हिया साखरेच्या दोन-तीनशे पट गोड असतं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ ग्रॅमचा भरवसा नाही, सोनाराचा छोटा डिजिटल काटा लागेल. कोको पावडरऐवजी मास घेतल्याने कोकोचा भाग आधीच कारखान्यात बारीक झालेला मिळतो, हा मोठा फायदा.

आणि स्पष्ट बोलायचं तर वेळ नसेल तेव्हा साखरेऐवजी माल्टिटॉल घातलेलं तयार कुव्हर्चर (लेपासाठीचं कोको बटरचं चॉकलेट) घ्या. कचकच शून्य. क्रॉफर्ड मार्केटच्या बेकिंगच्या दुकानांत लाद्या मिळतात. फक्त लेबलवर स्निग्ध म्हणून कोको बटर लिहिलंय ना ते पाहा. वनस्पती तेल किंवा पाम कर्नेल असेल तर ते कंपाउंड. कंपाउंडला टेम्परिंग लागत नाही, ४०-४५ अंशांना वितळवलं की झालं, पण ते कोको बटरच्या चॉकलेटमध्ये मिसळू नका. दोन स्निग्धांचं एकमेकांशी जमत नाही, मिश्रण मऊच राहतं आणि आठवड्यात पांढरं पडतं.

आता लेप. एकेक दाणा बुडवणं विसरा, ढवळायची पद्धत धरा. कारखान्यात फिरत्या कढईत हेच करतात. एसी २०-२२ वर, पंखा बंद. चॉकलेट ४५ अंशांना वितळवा, त्यातलं एक तृतीयांश बारीक चिरून आधीच बाजूला ठेवलेलं असू द्या, ते घालून ढवळत ३१-३२ अंशांवर आणा. थर्मामीटर इथे लागतो, साधा चालतो. सुरीचं टोक बुडवून ठेवा, चार-पाच मिनिटांत चकाकी येऊन कोरडं झालं तर तयार.

रुंद स्टीलच्या परातीत २५० ग्रॅम भाजलेले दाणे. त्यावर दोन टेबलस्पून चॉकलेट, आणि सिलिकॉनच्या कालथ्याने सतत हलवत राहा. पहिल्या मिनिटाला सगळं चिकट लिबलिबीत दिसतं, घाबरू नका. दुसऱ्या मिनिटाला दाणे एकमेकांपासून सुटायला लागतात आणि परातीत खडखड आवाज येतो. तो आवाज आला की पुढचे दोन टेबलस्पून. असे सहा थर, साधारण २०० ग्रॅम चॉकलेट. घाई करून एकदम ओतलं तर चिक्की होते. गुठळ्या झाल्या तर अर्धवट आवळल्यावर, म्हणजे मिनिटभराने, बोटांनी सोडवा. शेवटचा थर पूर्ण सुकायच्या आत एक टेबलस्पून कोको पावडर टाकून घोळा आणि चाळणीतून झटका. कोकोखाली बारीकसारीक पांढरेपणा झाकलाही जातो, ही थोडी लबाडी आहे, पण चालते.

ढवळण्यामुळे चॉकलेटमध्ये कोको बटरच्या स्फटिकांचं बियाणं आपोआप तयार होत राहतं, म्हणून टेम्परिंग एक-दोन अंश चुकलं तरी ही पद्धत सांभाळून घेते. बुडवण्यात तेवढी माफी नाही.

लेबलवाचक

मधुमेहासाठी म्हणून दोन गोष्टी. पुड्यावरचं ‘शुगर फ्री’ आणि ‘नो अॅडेड शुगर’ हे एक नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात साखरमुक्त म्हणायला १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. दुसऱ्यात वरून साखर घातलेली नसली तरी घटकातली मूळ साखर असू शकते. घटकांत आयएनएस (अन्नात घालायच्या पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ९६५ म्हणजे माल्टिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल, ९६० स्टेव्हिया, ९५५ सुक्रालोज. माल्टिटॉल रक्तातली साखर थोडी वाढवतं, एरिथ्रिटॉल जवळपास नाही. माल्टिटॉल एका बैठकीत ३०-४० ग्रॅम पोटात गेलं तर पोट बिघडतं, पाकिटावर तशी सूचना असतेच. चहात घालायच्या शुगर-फ्री पावडरी मात्र लेपात घालू नका. बऱ्याच जणींत वजन भरायला माल्टोडेक्स्ट्रिन असतं आणि ते साखरेसारखंच वागतं.

काजूत १०० ग्रॅममागे सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं, बदामात २० च्या आसपास आणि त्यातला बराचसा चोथा, अक्रोडात १४. मधुमेह्यासाठी बदाम-अक्रोड वाढवून काजू कमी करा. आणि साखर नाही म्हणजे कॅलरी नाहीत असं नव्हे, मूठभर ३० ग्रॅमला पावणेदोनशे कॅलरी होतातच. औषधं चालू असतील तर प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा.

झायलिटॉल (९६७) वापरलंत आणि घरात कुत्रा असेल तर डबा वरच्या फळीवर. त्याच्यासाठी ते जीवघेणं आहे. चॉकलेटही नकोच.

चुनाभट्टी_किचन

मोजमाप छान मिळालं सगळ्यांकडून, धन्यवाद. ढवळायची पद्धत या रविवारी करते. एक शंका: मे महिन्यात ऑफिसच्या डब्यात हे लोकलमधून न्यायचं असेल तर? चॉकलेट पाघळणारच ना? आणि घरात काही जण अंडं खात नाहीत, हे लक्षात घ्या.

भट्टी_गिरगाव

पाघळणारच. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि मेच्या दुपारी डबा त्याच्या वर जातो. डब्यासाठी चॉकलेटचा लेप सोडा आणि कोकोचं कवच भाजून घ्या. वितळायला त्यात काही नसतं.

२५० ग्रॅम कच्चे बदाम (भाजलेले नकोत, दुसऱ्यांदा करपतील). छोले उकडलेलं पाणी तीन टेबलस्पून, मीठ न घातलेलं, पातळ असेल तर आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट करून गार केलेलं. ते बीटरने पांढरा फेस येईपर्यंत फेटा, त्यात बदाम घोळा. मग कोको पावडर २० ग्रॅम, दळलेलं एरिथ्रिटॉल ५० ग्रॅम, पाव चमचा मीठ, हवी तर अर्धा चमचा दालचिनी पूड, हे सगळं कोरडं एकत्र करून वर टाका. ट्रेवर एका थरात, १३५ अंश, ३० ते ३५ मिनिटं, दर १० मिनिटांनी कालथ्याने सुटे करत. बंद केल्यावर दार बोटभर उघडं ठेवून आतच गार होऊ द्या.

गरम असताना ते मऊ आणि ओलसर लागतात, तेव्हा पुन्हा भाजायला घालू नका. थंड होताना एरिथ्रिटॉल परत स्फटिक होतं आणि कवच कुरकुरीत बनतं. जे चॉकलेटमध्ये खटकत होतं तेच इथे कामाला येतं. शिवाय एरिथ्रिटॉल हवेतला ओलावा फारसं ओढत नाही, मध किंवा सॉर्बिटॉल घातलं असतं तर जुलैत अर्ध्या तासात चिकट झालं असतं. फिकट रंगाचा कोको घेतलात तर कवच भुरकट दिसतं, गडद डच प्रोसेस (अल्कलीची प्रक्रिया केलेला) कोको घ्या.

साठवण दोन्हीची सारखीच: हवाबंद स्टीलचा डबा, आत खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी, तीन आठवड्यांत संपवायचं. पावसाळ्यात चॉकलेटवाले फ्रिजमध्ये ठेवावेच लागले तर डबा पिशवीत बांधून ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तासभर उघडू नका. घाम डब्यालाच सुटू दे.

कोको_दादर

छोल्याचं पाणी टिनमधलं घेतलंत तर मीठ चाखून बघा, बहुतेक टिनांत असतं. मग वरचं पाव चमचा मीठ वगळा.