तांब्याच्या नळीतून चुंबक इतके सावकाश का पडते?

प्रश्न:
मुलीला विद्युतचुंबकीय प्रवर्तन समजावून सांगताना आम्ही एक मीटर लांबीची, जाड भिंतीची तांब्याची नळी उभी धरली आणि तिच्यातून निओडिमियमचे चुंबक सोडले. त्याच आकाराचा लोखंडाचा तुकडा अर्ध्या सेकंदात खाली आला. चुंबकाला मात्र काही सेकंद लागले. ते भिंतीला घासत नव्हते आणि तांब्याला चिकटतही नाही. मग त्याला अडवते कोण? आणि नळी खूप लांब असती, तर ते मध्येच थांबले असते का?

उत्तर १:
तांबे चुंबकाकडे ओढले जात नसले तरी ते विजेचे उत्तम वाहक आहे, आणि येथे तोच गुण महत्त्वाचा ठरतो. नळी म्हणजे एकावर एक रचलेली, टोके जुळलेली तांब्याची वेटोळी आहेत असे समजा. चुंबक एखाद्या वेटोळ्याजवळ येऊ लागले की त्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र वाढते आणि ते पुढे निघून गेले की घटते. अशा बदलामुळे वाहकात विद्युतधारा निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. ही धारा ज्या बदलातून जन्मते त्यालाच विरोध करते, हा नियम लेन्झ यांनी १८३४ मध्ये मांडला. म्हणून चुंबकाच्या खालची वेटोळी त्याला वर ढकलतात, तर वरची वेटोळी त्याला मागे खेचतात.

ते थांबणार मात्र नाही. थांबले तर क्षेत्राचा बदल संपेल, धारा नाहीशी होईल आणि विरोधही उरणार नाही. वेगाबरोबर विरोध वाढत जातो आणि तो चुंबकाच्या वजनाइतका झाला की तेथून पुढे वेग स्थिर राहतो.

उत्तर २:
लेन्झचा नियम पाठ करण्यापेक्षा तो तसाच का असावा लागतो, हे मुलीला समजणे मला अधिक मोलाचे वाटते. धारेने विरोध करण्याऐवजी मदत केली असती, तर चुंबकाचा वेग वाढत गेला असता, धाराही वाढत गेली असती आणि कोठूनही न आणलेली ऊर्जा आपल्याला मिळत राहिली असती. प्रत्यक्षात चुंबक खाली येताना जी ऊर्जा गमावते, ती तांब्यात उष्णता होऊन राहते. ती इतकी थोडी असते की हाताला जाणवत नाही. हाताने फिरवायच्या जनित्राला दिवा जोडताच त्याचा दांडा जड लागतो, तोही याच कारणाने. तिला तो दांडा एकदा दिव्यासह आणि एकदा दिव्याशिवाय फिरवू द्या.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. नळीला वरपासून खालपर्यंत उभी चीर पाडली, तर हा परिणाम नाहीसा होईल का?

उत्तर १:
कमी होईल, नाहीसा होणार नाही. वेटोळे तुटले तरी उरलेल्या भिंतीतच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरत राहतात. त्यांना एडी करंट म्हणतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये हे प्रवाह नकोसे असतात, कारण ते गाभा तापवून ऊर्जा वाया घालवतात. म्हणून तो गाभा सलग लोखंडाचा न करता एकमेकींपासून विद्युतरोधित केलेल्या पातळ पत्र्यांचा करतात. इंडक्शन शेगडीत मात्र तेच हवे असतात: काचेखालच्या वेटोळ्यातील धारा सेकंदाला वीस हजारांहून अधिक आवर्तने करते आणि उष्णता थेट भांड्याच्या बुडातच निर्माण होते.

उत्तर ३:
फिरत्या तबकडीचे जुने वीजमीटर हे याचे मला सर्वांत सुंदर वाटणारे उदाहरण आहे. त्यातील ॲल्युमिनियमची तबकडी वेटोळ्यांच्या बदलत्या क्षेत्रामुळे फिरते आणि एक कायमचुंबक तिला सतत अडवत असते. हा अडथळा तबकडीच्या वेगाच्या प्रमाणात असल्यामुळे तिचा वेग वापरल्या जाणाऱ्या शक्तीच्या प्रमाणात राहतो, आणि म्हणूनच फेऱ्या मोजल्या की खर्च झालेली वीज कळते. आपल्या नळीत चुंबकाचा वेग ज्या तत्त्वाने स्थिर झाला, तेच तत्त्व येथे आहे.

आता त्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी घेऊन दोन्ही वेळा मोजून पाहा. शुद्ध ॲल्युमिनियमची रोधकता (म्हणजे विद्युतधारेला अडवण्याचा पदार्थाचा गुण) तांब्याच्या सुमारे १.६ पट असते, त्यामुळे चुंबकाचा स्थिर वेगही साधारण तितक्याच पटीने वाढायला हवा. नळी मिश्रधातूची असेल, तर तो आणखी जास्त भरेल.