भिंतीतल्या एसी-हीटरची हंगामी सफाई: पॅनमध्ये पाणी साठतं, भोक पाडू का?

झुळूक

आईच्या खोलीत भिंतीतून आरपार बसवलेलं युनिट आहे. गार आणि गरम दोन्ही एकाच खोक्यात, पुढची बाजू खोलीत आणि मागची भिंतीबाहेर. उन्हाळाभर ते भरपूर चाललं. आता थंडी पडायच्या आत नीट साफ करून घ्यायचंय. फिल्टर मी नियमित धुते, तरी शेवटी शेवटी गारवा कमी झाला होता. सुरू केल्यावर काही मिनिटं कुबट वास येतो आणि आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. एका मेकॅनिकने सांगितलं, खालच्या पत्र्याला ड्रिलने भोक पाडा, पाणी साठणारच नाही. आईला दमा आहे, त्यामुळे मला वासाचीच जास्त काळजी वाटते. भोक पाडू का? आणि घरच्या घरी कितपत सफाई करता येते? तिसरा मजला आहे, बाहेरून हात पोचत नाही.

पाना_पकड

ताई, भोक अजिबात पाडू नका. मी एका वसतिगृहाच्या देखभालीचं काम बघतो. तिथे खोल्याखोल्यांत हीच युनिटं आहेत, त्यामुळे यांच्याशी रोजचा संबंध आहे.

गार करताना हवेतली वाफ आतल्या कॉइलवर (तांब्याच्या नळ्या आणि पातळ पट्ट्यांचा संच) पाणी होऊन खालच्या पॅनमध्ये उतरते. यातल्या बहुतेक युनिटांमध्ये ते पाणी तिथे मुद्दाम ठेवलेलं असतं. मागच्या पंख्याच्या पात्यांभोवती एक कडं असतं. ते पॅनमधल्या पाण्यात बुडून फिरतं आणि पाणी मागच्या तापलेल्या कॉइलवर उडवतं. पाण्याची वाफ होते, कॉइल थंड राहते, कॉम्प्रेसरवरचा भार हलका होतो. तुम्हाला ऐकू येणारा आवाज बहुधा त्याचाच आहे. भोक पाडलंत की हा फायदा गेला, भोकाच्या कडेने पत्रा गंजायला लागला आणि पाणी भिंतीत मुरलं. निचरा हवाच असेल तर त्या मॉडेलसाठी कंपनीची ड्रेन जोडणी मिळते, तीच बसवून घ्या.

पाणी असणं हा बिघाड नाही, पण ते बुळबुळीत झालं की वास मारतं. तुमच्या वासाचं मूळ तिथे किंवा आतल्या कॉइलवर असणार. गारवा कमी व्हायचं कारण मात्र मला मागच्या कॉइलमध्ये दिसतं. फिल्टर फक्त खोलीची हवा गाळतो. मागच्या बाजूला फिल्टर नसतोच.

आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. मागचा पंखा बाहेरच्या जाळीच्या कडांनी हवा ओढतो आणि कॉइलमधून बाहेर फेकतो. म्हणजे धूळ, कापसाचे तंतू, किडे, सगळं कॉइलच्या आतल्या अंगाला अडकतं, पंखा आणि कॉइल यांच्या मधल्या फटीत. बाहेरून बघाल तर कॉइल लख्ख दिसते. वरचं झाकण काढून बॅटरीचा उजेड आत पाडला की राखाडी थर दिसतो, नमद्यासारखा जाड. तो चिमटीत धरून सोलला तर अख्खा तुकडा हातात येतो. हा थर निघाल्याशिवाय युनिट साफ झालं असं मी म्हणत नाही, मग पुढची जाळी कितीही चकचकीत असो.

त्यासाठी आतला सांगाडा खोलीच्या बाजूला ओढून काढावा लागतो. भिंतीत पत्र्याची चौकट कायमची बसवलेली असते, यंत्र त्यात सरकवलेलं असतं. थर्मोस्टॅटवरून बंद करून भागत नाही, प्लग काढा. प्लग नसून थेट वायरिंग असेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, विजेचा भार शिल्लक असतो, म्हणून वायरिंगचा डबा उघडायचाच नाही.

पुढचं कव्हर सहसा खटक्यांवर असतं, खालून ओढलं की सुटतं. कडेचे स्क्रू काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पॅनमधलं पाणी आधी स्पंजने टिपून घ्या, नाहीतर ओढताना सगळं जमिनीवर. वजन चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जातं, त्यामुळे दोन धडधाकट माणसं हवीतच. पॅनच्या कडेला धरून सरळ ओढायचं. तांब्याच्या नळ्यांना किंवा कॉइलला धरून कधीच नाही. नळी चिरली की गॅस गेला. हातमोजे घाला, कॉइलच्या पातळ पट्ट्या ब्लेडसारख्या कापतात.

उंबरठा

आमच्याकडे पॅनच्या वासावर थोडं ब्लीच ओततात, वास लगेच जातो. एवढा सांगाडा ओढायची खरंच गरज आहे का?

पाना_पकड

उंबरठा, वास जातो हे खरं, पण ब्लीचने कॉइलच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पॅनचा पत्रा खराब होतो. त्याची वाफ पंख्याबरोबर खोलीत येते ती वेगळीच. इथे तर दम्याचा रुग्ण आहे. व्हिनेगरसारख्या आंबट द्रावणांनाही माझा विरोध आहे. कॉइलसाठी बनवलेला सौम्य, न गंजवणारा फोम मिळतो, तो वापरावा. पॅन धुवायला भांड्यांचा पातळ साबण आणि मऊ ब्रश पुरतो. शेवाळ पुन्हा धरू नये म्हणून पॅनमध्ये ठेवायच्या गोळ्याही मिळतात.

सांगाडा दरवेळी ओढायची गरज नाही. फिल्टर महिन्याला, पुढची वरवरची सफाई दोन्ही हंगामांच्या तोंडावर, आणि सांगाडा वर्षातून एकदा. रस्त्यालगत राहात असाल किंवा जवळ बांधकाम चालू असेल तर त्याहून लवकर.

झुळूक ताई, आता धुण्याचं. कंट्रोल पॅनल, वायरिंगचा डबा आणि पंख्याची मोटर प्लास्टिकने घट्ट झाका. आधी कोरडा कचरा व्हॅक्यूमने काढा, ब्रश पट्ट्यांच्या दिशेने, वरून खाली. आडवा ब्रश मारला की पट्ट्या मुडपतात आणि हवेची वाट बंद होते. मुडपलेल्या पट्ट्या सरळ करायचा खास कंगवा मिळतो. मग फोम मारून पाणी हलक्या धारेने, मागच्या कॉइलवर बाहेरून आतल्या दिशेने. धूळ आतून चिकटली आहे, म्हणून तिला आली त्याच वाटेने परत ढकलायची, उलटी धार दिली तर ती पट्ट्यांत आणखी खोल रुतते. प्रेशर वॉशर नको. खाली पडलेला गाळ पॅनमधून लगेच उपसा.

आतल्या कॉइलमागचा ब्लोअरही बघा. त्याच्या वाकड्या पात्यांत मळ भरला की हवेचा झोत मरतो आणि कुबट वास तिथूनही येतो. जुना दात घासायचा ब्रश तिथे बरोबर शिरतो, पण एकेका पात्यावरून फिरवावा लागतो, वेळ लागतो. पात्यांवर छोट्या क्लिपा दिसल्या तर त्या तोल साधायला लावलेल्या असतात, काढू नका.

हे सगळं चालू असताना आईंना दुसऱ्या खोलीत बसवा आणि दार बंद ठेवा. पूर्ण सुकल्यावर आधी नुसता पंखा चालवा, ती हवा निघून गेली की मगच त्यांना आणा.

झुळूक

खूप आभार. भोक रद्द! भाऊ आणि त्याचा मित्र येणार आहेत, तेव्हा सांगाडा ओढू. आमचं प्लगवालंच आहे. एक शंका: बाहेरच्या जाळीचं काय? आणि हीटर पहिल्यांदा लावताना काही काळजी?

उंबरठा

जाळीबद्दल मी सांगतो. सांगाडा निघाला की रिकाम्या चौकटीतून जाळी आतूनच दिसते. तिथे गांधीलमाशीचं पोळं, पक्ष्याने आणलेल्या काड्या, सुकी पानं सापडतात. हात पुरेल तेवढंच आतून ब्रश आणि व्हॅक्यूमने काढा. जाळीचे स्क्रू सोडवू नका आणि अंग चौकटीत घालू नका. तिसरा मजला आहे. घरात लहान मूल असेल तर चौकट रिकामी असेपर्यंत कोणीतरी तिथे उभं राहा.

पाना_पकड

उंबरठाने बरोबर सांगितलं. चौकट रिकामी आहे तोवर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. पाणसळ ठेवून बघा: डावी-उजवी बाजू सपाट आणि बाहेरच्या अंगाला किंचित उतार हवा. उतार खोलीकडे असेल तर पाणी घरात येणार. दुसरं म्हणजे कडेच्या फोमच्या पट्ट्या. त्या दबून चपट्या झाल्या असतील तर बदला. बाहेर टाकलेली गरम हवा त्याच फटीतून परत आत शिरते आणि थंडीत तिथून गार वारा येतो. पुढच्या बाजूला ताज्या हवेच्या झडपेची छोटी दांडी असते, ती थंडीत बंद ठेवा. पुष्कळ घरांत ती वर्षानुवर्षं उघडीच राहिलेली असते आणि खोली का तापत नाही याचा शोध भलतीकडेच चाललेला असतो.

हीटर पहिल्यांदा लावाल तेव्हा खिडकी उघडा आणि आईंना बाहेर बसवा. तारेवरची धूळ जळून थोडा वेळ करपट वास येतो, तेवढं चालतं. अर्ध्या तासानंतरही येत राहिला, किंवा प्लास्टिक जळाल्यासारखा आला, तर बंद करून प्लग काढा आणि माणूस बोलवा. पुढे पडदा लोंबू देऊ नका.

तुमचं हीट पंपचं असेल, म्हणजे तारेऐवजी एसीच उलटा चालून खोली गरम करत असेल, तर थंडीत मागच्या कॉइलवर दव आणि बर्फ धरतं, बाहेर पाणी ठिबकतं. त्याला गळती समजू नका. मागे थंडीसाठी कापड किंवा कव्हर बांधायचं तर अजिबात नाही, यंत्राला श्वास तिथूनच घ्यायचा असतो.

सफाईचा गुण आला का हे उन्हाळ्यात थर्मामीटरने बघता येईल. गार मोडवर पंधरा-वीस मिनिटं चालवा, मग आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजा. साधारण 8 ते 11 अंश सेल्सिअसचा फरक असला तर ठीक चाललंय. फरक फारच कमी असेल आणि कॉइल स्वच्छ असेल, तर मात्र गॅस किंवा कॉम्प्रेसर तपासायला जाणकार माणूसच हवा.

सांगाडा सरळच ठेवा. काही कारणाने तिरका झालाच तर काही तास उभा राहू द्या, मगच वीज जोडा. वरचं झाकण उघडाल तेव्हा आतल्या थराचा फोटो इथे टाका, मग फोम किती लागेल ते सांगतो.