रेहमान अल्बम नॉकआउट: चिठ्ठ्या नकोत, मानांकन द्या

ए. आर. रेहमानच्या अल्बमची मतदानाने नॉकआउट स्पर्धा घ्यायची, प्रत्येक सामन्यात दोन अल्बम आणि हरलेला बाहेर, हे ठीक; पण त्यासाठी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायची सूचना कुणीतरी केली आहे, ती मला काही पटली नाही. पहिल्याच फेरीत 'दिल से' (१९९८) विरुद्ध 'ताल' (१९९९) निघालं तर? दोन्हींचे चाहते बहुतेक तेच, आणि एक थेट घरी. पुढे अंतिम सामना एकतर्फी झाला की मत द्यायलाही कुणी फिरकत नाही.

त्यापेक्षा आधी प्रत्येकाकडून आवडीचे पाच अल्बम क्रमाने मागवा. पहिल्याला पाच गुण, पाचव्याला एक. बेरजेवरून वरचे १६ घ्या आणि मानांकन, म्हणजे गुणांनुसार क्रमांक, द्या: १ विरुद्ध १६, ८ विरुद्ध ९, असं. म्हणजे पहिला आणि दुसरा अंतिम फेरीआधी भिडतच नाहीत. सामने एकूण १५, कारण दर सामन्याला एक गारद. २४ घ्यायचा हट्ट असेल तर वरच्या ८ अल्बमना पुढे चाल (पहिली फेरी न खेळता थेट दुसरीत) द्यावी लागेल, आणि त्यावरून भांडणं ठरलेलीच!

'रोजा' (१९९२) तमिळ आणि हिंदी मिळून एकच नोंद धरा, नाहीतर मतं फुटतील. 'वंदे मातरम' (१९९७) चित्रपटाचा नसला तरी हवाच. 'लगान'ला थोडी मतं आमिर खानच्या क्रिकेटची पडणार, त्याला इलाज नाही.

मतदान ४८ तास ठेवा, अमेरिकेतली मंडळी झोपेतून उठेपर्यंत इथे निकाल लागायला नको. चालू आकडे मात्र झाकून ठेवा. आघाडी दिसली की लोक तिकडेच वळतात. बरोबरी झाली तर मानांकनात वरचा पुढे.

माझं पहिलं नाव 'रॉकस्टार', लिहून घ्या.