अनुभव धागा: सिंथ हाती आला आणि मैदानावरचे महोत्सव सुटले

मोठ्या मैदानावरच्या संगीत महोत्सवांना जाणं माझं चाळिशीत थांबलं. संगीत सुटलं नाही, उलट जास्त भिनलं. तुमचंही असं झालंय का? कोणता सिंथ (आवाज घडवणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य), कोणतं सॉफ्टवेअर, मनापासून लिहा.

माझा शेवटचा महोत्सव. मंचापासून शंभरेक मीटरवर उभा होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे पडद्यावर ड्रमरचा हात आधी दिसायचा, ठोका मागून यायचा. वाऱ्याची झुळूक आली की झांजा विरून जायच्या, उरायचा घुमणारा बेस. आता घरी सर्ज एक्सटी या सॉफ्टवेअर सिंथमध्ये एकच सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी, भरगच्च आवाजाची लहर) लावतो, रेझोनन्स म्हणजे फिल्टरच्या सीमेजवळचा आवाज उठवणारं बटण चढवतो आणि फिल्टरचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचे सूर तो अडवतो ती सीमा, अगदी सावकाश उघडतो. त्या एका सुरात दडलेले वरचे सूर शिट्टीसारखे एकामागून एक वाजून जातात. पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मी झोपलोच नाही.

* * *

मी एफएमवाली, म्हणजे एका सुराने दुसरा सूर झपाट्याने थरथरवून नवा आवाज घडवणारी! जॉन चाउनिंग यांनी शोधलेलं हे तंत्र यामाहाने १९८३ मध्ये डीएक्स७ या सिंथमधून घरोघरी नेलं. सहा ऑपरेटर (सूर काढणारे घटक), ३२ अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडायच्या पद्धती) आणि एवढीशी पडद्याची पट्टी वाचायला. लोक कंटाळून तयार आवाजांवरच भागवायचे. मी डेक्स्ड हे सॉफ्टवेअर वापरते, तेच सगळं, फुकट. दोनच ऑपरेटर घ्या, त्यांच्या वारंवारतांचं गुणोत्तर १ वरून १.४१ करा, सुराची घंटा होते. हे मला कुठल्याच सॉफ्टवेअरच्या सुंदर चित्रांपेक्षा मोलाचं वाटतं. महोत्सव? गर्दीत तासन्‌तास उभं राहणं आता नको वाटतं, बस.

* * *

माझं थोडं वेगळं. माऊसने आवाज घडवणं मला पटत नाही, खटका हाताला लागला पाहिजे. आणि मैदानावरचा बेस छातीत जो दणका देतो तो हेडफोनमध्ये नाही म्हणजे नाही. त्याची आठवण येते. तरी जात नाही, बंदिस्त छोट्या सभागृहात जातो.

* * *

माझ्या कानांनीच निर्णय घेतला. एका महोत्सवानंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. नंतर वाचलं: अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं, आणि मी चार तास स्पीकरसमोर! आता व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथमध्ये पॅड (लांबत जाणारे मऊ सूर) बनवताना आवाज बारीक ठेवते. गेल्या वर्षी पुतणी महोत्सवाला निघाली, तिच्या पिशवीत इअरप्लगची डबी मीच टाकली.