सातवीच्या 42 मुलांची निसर्ग-सहल : नावं उतरवण्यापलीकडे काय करता येईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सातवीला विज्ञान शिकवते. पुढच्या महिन्यात 42 मुलांना घेऊन अडीच तासांसाठी झाडीत जायचं आहे. सोबत आम्ही तीन शिक्षक.

गेल्या वर्षीची सहल मनाला लागून राहिली आहे. मी 20 प्रश्नांची कार्यपत्रिका केली होती : पाच झाडांची नावं, तीन पक्ष्यांची नावं, असं. पुढच्या मुलांनी झाडांवरच्या पाट्या बघून लिहिलं, मागच्यांनी पुढच्यांचं बघून. रांग एवढी लांब की शेवटच्या मुलापर्यंत माझा आवाजच पोचत नव्हता.

परत निघताना एका मुलीनं दगड उलटला. खाली राखाडी रंगाचे, हात लावला की गोळीसारखे गोल होणारे ते इवलेसे जीव. "बाई, हे ओलीतच का राहतात?" मला सांगता आलं नाही. घरी येऊन वाचलं, तर ते झिंगे-खेकड्यांच्या नात्यातले निघाले. त्यांचे श्वसनाचे अवयव कल्ल्यांसारखे असतात, ओल नसेल तर श्वासच घेता येत नाही. त्या दगडाभोवती सात-आठ मुलं एकही शब्द न बोलता बसली होती. बसची वेळ झाली म्हणून मीच त्यांना उठवलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून यंदा फार चालायचंच नाही असं ठरवलंय. सात-सात मुलांचे सहा गट, प्रत्येकाला दोरीचे 1 मीटरचे दोन चौकोन, एक उन्हात, एक सावलीत. आत जे सापडेल ते मोजायचं, काढायचं. दगड उचलला तर होता तसा हळूच परत ठेवायचा. शेवटी 10 मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं शांत बसायचं.

अडचणी दोन. मुलं पहिल्या मिनिटाला "हे काय आहे?" विचारतात. नाव लगेच सांगावं का? सांगितलं की बघणं थांबतं, असा माझा अनुभव. दुसरी जास्त काळजीची. एका मुलाला मधमाशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी आहे, माशी चावलीच तर लगेच द्यायला डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन सोबत ठेवायला दिलंय. त्याला घरीच ठेवा असं शाळेतून सुचवलं जातंय. मला ते पटत नाही. अशा मुलाला कुणी नेलं आहे का?

प्रतिसाद 1
ताई, नाव शेवटी. आधी पाय मोजायला लावा. सहा असतील तर कीटक, आठ असतील तर बहुतेक कोळी. तुमच्या दगडाखालच्या जिवाला 14 असतात. तो कीटक नाही हे मुलंच तुम्हाला सांगतील. आणि उन्हातला-सावलीतला चौकोन शेजारीशेजारी घ्या, नाहीतर फरक उन्हाचा की मातीचा, कळणार नाही.

प्रतिसाद 2
माझ्या मुलीला हीच ॲलर्जी आहे, ती जाते. इंजेक्शन बसमध्ये नको, तिच्या गटातल्या शिक्षकांच्या खिशात हवं, आणि ते कसं द्यायचं हे त्यांनी आमच्याकडून आधी शिकून घेतलेलं असतं. दिल्यावर बरं वाटलं तरी थेट रुग्णालयात न्यायचं. त्यामुळे जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि सहलीच्या जागी फोनला रेंज मिळते का, हे आदल्या फेरीतच बघून या. पालकांना त्या फेरीला सोबत न्या. आमची भीती तिथेच निम्मी झाली होती.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. रविवारी त्याच्या आईला घेऊन जागा बघून येते, दोरी सोबत नेते.