अंतर्गत संशोधन निधी : मोजक्यांना भरीव की पुष्कळांना थोडाथोडा?

अभिलेखागार :

विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून आपल्याच अध्यापकांना संशोधनासाठी जे पैसे देते, त्यांच्या वाटपाविषयी हा धागा काढत आहे. नव्या कल्पनेसाठी बीजनिधी, दोन बाह्य अनुदानांमधल्या रिकाम्या काळात काम चालू ठेवणारा सेतुनिधी, परिषदेचा प्रवासखर्च, ग्रंथप्रकाशनाला साहाय्य, उपकरणखरेदीतला विद्यापीठाचा वाटा अशी या पैशांची अनेक रूपे असतात. माझे म्हणणे बीजनिधीपुरते आहे. तो लहान रकमांत, शक्य तितक्या अध्यापकांना, दोन पानांच्या अर्जावर द्यावा, आणि पात्र अर्ज उपलब्ध पैशांपेक्षा जास्त झाले तर त्यांच्यातून सोडत काढावी.

मी इतिहास शिकवतो. गेल्या खेपेस मी तीन आठवड्यांच्या दफ्तरवाचनासाठी आणि कागदपत्रांच्या प्रतींच्या शुल्कासाठी अर्ज केला. अर्जात एक रकाना होता, ‘या निधीच्या आधारे पुढे कोणते बाह्य अनुदान मिळवणार?’ आणि त्याला शंभरापैकी वीस गुण होते. मी खरे तेच लिहिले की पुढे कोणतेही अनुदान अपेक्षित नाही, पुस्तकाची राहिलेली दोन प्रकरणे पूर्ण होतील. त्या रकान्यात मला शून्य गुण मिळाले आणि अकरा गुणांनी अर्ज नामंजूर झाला. ज्या कामाला बाहेर कोणी पैसे देत नाही, त्याच्यासाठी घरचा निधी असावा अशी माझी समजूत होती. जिथे बाहेरचे अनुदान मिळणारच आहे तिथेच घरचे पैसेही जाणार असतील, तर बाकीच्यांनी कोणाच्या दारात उभे राहायचे?

छाननी समित्यांच्या गुणांवर आपण ठेवतो तेवढा विश्वास ठेवता येत नाही, हेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे आलेले 150 प्रस्ताव दुसऱ्या स्वतंत्र परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतले गेले होते. त्याचा 1981 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की प्रस्तावाचे भवितव्य साधारण निम्मे त्याच्या आणि संशोधकाच्या गुणांवर ठरते, आणि निम्मे तो कोणत्या परीक्षकाच्या हाती पडतो यावर. अगदी सुमार प्रस्ताव समितीला नक्की ओळखता येतात. मात्र मधल्या पट्ट्यात एकसष्ट गुणांचा प्रस्ताव घ्यायचा आणि साठचा सोडायचा, याला गुणवत्तेचा आधार फारसा नसतो. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने हे ओळखून 2013 पासून एका लहान अनुदानयोजनेत पात्र प्रस्तावांमधून सोडत काढायला सुरुवात केली. ब्रिटिश अकादमीनेही 2022 पासून आपल्या लहान अनुदानांसाठी अंशतः सोडतीचा मार्ग स्वीकारला.

सूक्ष्मदर्शी :

आपल्या अर्जाच्या बाबतीत झाले ते अन्यायाचे होते, हे मी आधीच मान्य करतो. परंतु त्यावरून आपण जो उपाय सुचवता, तो माझ्यासारख्यांच्या कामाच्या मुळावर येणारा आहे.

प्रयोगशाळेत अर्ध्या पैशांत अर्धा प्रयोग होत नाही. माझाच अनुभव सांगतो. रुजू झाल्यावर मला जो बीजनिधी मिळाला, तो ‘सर्वांना थोडे थोडे’ या धोरणाने कापून मागणीच्या तिसऱ्या हिश्शावर आणला होता. पेशींवरचा कोणताही निष्कर्ष निदान तीन स्वतंत्र वेळा, तुलनेच्या नमुन्यांसह, मिळाल्याशिवाय कोणी गंभीरपणे घेत नाही. मंजूर रकमेत प्रतिपिंडाची, म्हणजे पेशीतले ठरावीक प्रथिन ओळखणाऱ्या द्रव्याची, एकच कुपी आली आणि ती दुसऱ्या फेरीच्या मध्यावर संपली. दुसरी कुपी घ्यायला पैसे मिळाले तोपर्यंत तो उत्पादन-संच बाजारातून गेला होता, आणि नव्या संचातल्या प्रतिपिंडाची मात्रा पहिल्यापासून ठरवावी लागली. शेवटी हाती राहिली दीड फेरीची आकडेवारी. ती जोडून बाहेर पाठवलेला प्रस्ताव ‘प्राथमिक निष्कर्ष अपुरे’ या शेऱ्यासह परत आला. म्हणजे विद्यापीठाने पैसे वाचवले नाहीत, ते वाया घालवले. माझ्यासारखे असे चाळीस जण असतील तर चाळीस ठिकाणी घातले.

बाह्य अनुदानाचा रकानाही मला निरर्थक वाटत नाही. अंतर्गत निधी आकाशातून पडत नाही. पुष्कळ विद्यापीठांत त्याचा मोठा भाग बाह्य अनुदानांवर मिळणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चाच्या, म्हणजे इमारत, वीज, कार्यालय अशा सामायिक खर्चाच्या, परताव्यातून उभा राहतो. तो परतावा आटला तर वाटायला काही उरणारच नाही. आज पाच जणांना पुरेसे दिले आणि त्यांतल्या दोघांनी बाहेरून मोठे अनुदान आणले, तरच उद्या इतिहासाच्या दफ्तरवाचनाला देण्याइतके पैसे शिल्लक राहतील.

सोडतीविषयी एवढेच म्हणतो की परीक्षण सदोष असेल तर परीक्षण सुधारावे. पंचांची नजर चुकते म्हणून आपण सामन्याचा निकाल नाणेफेकीवर सोडत नाही.

लेखाजोखा :

मी अध्यापक नाही. मंजूर झालेला निधी ज्या कार्यालयातून खात्यावर जातो, तिथे काम करतो, म्हणून या वादाची दुसरी बाजू मांडतो.

रक्कम लहान असो वा मोठी, आमच्याकडच्या पायऱ्या त्याच असतात. मंजुरीचे पत्र, खातेक्रमांक, दरपत्रके, खरेदी आदेश, देयक, हिशेब आणि शेवटी अहवाल. चाळीस लहान अनुदाने म्हणजे हे सगळे चाळीस वेळा. शिवाय रकमेच्या आकाराइतकाच तिच्या तारखेचा प्रश्न मोठा आहे. निवड लांबते, पत्र उशिरा निघते, निधी वर्षाच्या अखेरच्या तीन महिन्यांत हाती येतो आणि न खर्चलेली रक्कम वर्षअखेरीस परत जाते. मग अध्यापक लागेल ते न घेता मिळेल ते घेतात. संशोधन साहाय्यकाचे सहा महिन्यांचे मानधन द्यायचे ठरलेले असताना संगणक घेतला गेल्याची देयके मी स्वतः पाहिली आहेत. निधीची मुदत मंजुरीच्या दिवसापासून अठरा महिने धरली, तर आपल्या दोघांच्याही निम्म्या तक्रारी मिटतील असे मला वाटते.

नवाध्यापक :

सेवेत येऊन मला दोन वर्षे झाली आहेत. माझा विरोध दोघांनाही आहे, आणि सोडतीला विशेष आहे.

आम्हा नव्यांपैकी अनेकांना प्रस्ताव कसा लिहायचा हे कोणी शिकवलेले नसते. माझा पहिला अंतर्गत प्रस्ताव फेटाळला गेला. पण त्यासोबत एका परीक्षकाने दीड पानाचा अभिप्राय दिला होता. संशोधनप्रश्न तिसऱ्या पानावर येतो, तो पहिल्या परिच्छेदात यायला हवा. नमुन्याचा आकार का निवडला ते कुठेच सांगितलेले नाही. साहाय्यकाचा खर्च दाखवला आहे, पण त्याने करायचे काम दाखवलेले नाही. त्या दीड पानाने मला जे शिकवले, ते मंजूर झालेल्या रकमेनेही शिकवले नसते. सोडतीत नाव न निघाल्याचे पत्र मला काय शिकवणार होते?

आणि दुसरे असे की मला पैशांपेक्षा वेळ हवा आहे. सत्रात चार विषय शिकवून, उत्तरपत्रिका तपासून जो वेळ उरतो त्यात मुलाखती घेता येतात, पण त्या शब्दशः उतरवून घेता येत नाहीत. माझ्याकडे एकोणीस ध्वनिमुद्रणे आहेत, त्यांतली सहा उतरली आहेत. एका विषयाच्या अध्यापनातून एका सत्राची सूट आणि त्या तासांसाठी तासिका तत्त्वावर अध्यापक, एवढे मिळाले तरी माझे काम मार्गी लागेल. बीजनिधीच्या नियमांत बहुतेक ठिकाणी उपकरण, प्रवास, रसायने यांची तरतूद असते, मात्र अध्यापकाच्या स्वतःच्या वेळेची नसते. हा भेद आपण दोघांनीही विचारात घेतलेला दिसत नाही.

अभिलेखागार :

नवाध्यापक यांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि मी माझी सूचना त्यानुसार बदलतो. सोडतीपूर्वी प्रत्येक प्रस्तावाची छाननी व्हावी आणि प्रत्येकाला लेखी अभिप्राय मिळावा. किमान गुणवत्तेची रेषा ओलांडणाऱ्यांमध्येच सोडत असावी. अध्यापनातून सूट ही देखील निधीची एक बाब मानावी, याविषयी दुमत होण्याचे कारण मला दिसत नाही.

सूक्ष्मदर्शी यांच्या प्रतिपिंडाच्या कुपीचे उदाहरण मला अस्वस्थ करून गेले. मागणीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी रक्कम देणे ही अर्जदाराचीही आणि पैशांचीही हानी आहे. माझे म्हणणे रकमा कापण्याचे नाही. माझे काम तीन आठवड्यांच्या खर्चात होते, त्यांचे तीन पूर्ण फेऱ्यांत होते. ज्याचे जेवढ्यात होते तेवढे त्याला पूर्ण द्यावे, पण वरची मर्यादा कमी ठेवावी, असे मी म्हणतो.

परंतु ‘मोजक्यांना भरीव’ या धोरणाचा परिणाम काय होतो, याचा पुरावाही पाहू. नेदरलँड्समधल्या नवोदित संशोधकांच्या अनुदानांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. मंजुरीच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या, म्हणजे गुणवत्तेत जवळपास सारख्याच असलेल्या अर्जदारांची त्यात तुलना आहे. किंचित वर असलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळाला. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळत जाते, ही प्रवृत्ती रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्येच विज्ञानाच्या संदर्भात दाखवून दिली होती. बाहेरच्या अनुदानव्यवस्थेत ती असेल तर तिला घरच्या निधीने आवर घालावा, आणखी बळ देऊ नये. कॅनडातल्या शास्त्रज्ञांच्या अनुदानांवरचा 2013 चा अभ्यासही सांगतो की अनुदान वाढत गेले तरी शोधनिबंधांचा प्रभाव त्या प्रमाणात वाढत नाही.

सूक्ष्मदर्शी :

कॅनडाचा अभ्यास मी वाचला आहे. तिथे ज्यांची तुलना केली, त्यांच्या प्रयोगशाळा आधीच उभ्या होत्या आणि त्यांना राष्ट्रीय पातळीवरचे मूळ अनुदान मिळत होते. ज्याच्याकडे अजून शीतकपाटही नाही अशा नव्या अध्यापकाला तो निष्कर्ष लागू करता येणार नाही.

नेदरलँड्सच्या निष्कर्षासोबत अमेरिकेतला 2019 चा एक अभ्यासही विचारात घ्यावा. राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानाच्या रेषेखाली थोडक्यात राहिलेल्या नवोदितांपैकी जे टिकून राहिले, त्यांनी पुढच्या दशकात रेषेवरच्यांपेक्षा अधिक प्रभावी शोधनिबंध लिहिले. एका नकाराने माणूस संपत नाही.

अभिलेखागार :

त्याच अभ्यासात हेही आहे की पहिल्या अपयशानंतर त्यांतले दहा टक्क्यांहून अधिक लोक त्या अनुदानव्यवस्थेतून कायमचे बाहेर पडले. आपण टिकलेल्यांचे शोधनिबंध मोजता आहात. मला गेलेल्यांची काळजी वाटते.

अर्जाच्या लांबीविषयी अजून कोणी काही बोललेले नाही, म्हणून तेही मांडतो. ऑस्ट्रेलियात 2012 सालच्या एका आरोग्य संशोधन अनुदानाच्या फेरीत 3,727 प्रस्ताव आले. ते लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे 550 वर्षे खर्ची पडली, आणि त्यांतल्या जवळपास चार-पंचमांश प्रस्तावांना नकार मिळाला. लहानशा अंतर्गत निधीसाठी वीस पानांचा अर्ज मागणारी विद्यापीठे आपल्याच अध्यापकांचे दिवस असे खर्ची घालतात. नवाध्यापक यांची राहिलेली तेरा ध्वनिमुद्रणे त्या दिवसांत उतरवून झाली असती.

लेखाजोखा :

दोन पानांच्या अर्जाला माझा पाठिंबा आहे. फक्त खर्चाचा तक्ता त्यात स्वतंत्र असावा. तो नसला की आम्हाला प्रत्येक देयकाच्या वेळी पुन्हा पत्रव्यवहार करावा लागतो आणि वाचलेला वेळ तिथे जातो.

सूक्ष्मदर्शी :

दोन पानांवर आणि स्वतंत्र तक्त्यावर माझी सहमती आहे. मंजूर केलेल्या प्रस्तावाला पूर्ण रक्कम द्यावी, हा मुद्दा आपण मान्य केलात याचेही समाधान आहे. त्या रकान्यापुरते माझे मत मी बदलतो. तो अर्जात राहावा, कारण प्रयोगशास्त्रांसाठी तो प्रश्न खरा आहे. पण जो अर्जदार तिथे ‘लागू नाही’ असे कारणासह लिहील, त्याचे गुण उरलेल्या ऐंशीपैकी मोजून शंभरात रूपांतरित करावेत. तसे केले असते तर आपली राहिलेली दोन प्रकरणे अडली नसती. सोडतीला आणि रकमेच्या कमी मर्यादेला माझा विरोध कायम आहे.